तेवढं आमचं रिटर्न बघा

मला वर्षातले अकरा महिने कुणी विचारत नाही. बँकेत गिऱ्हाइकं विचारतात ती "हा काउंटर चालू आहे का?" एवढंच, आणि घरी विचारतात ते "दळण आणलं का?" म्हणून. पण जुलै उजाडला, की आमच्या वसईतल्या सोसायटीत माझ्या प्रकृतीबद्दल एकाएकी आस्था उत्पन्न होते. पाण्याच्या टाकीवरून ज्या गृहस्थांनी वर्षभर माझ्याशी अबोला धरलेला असतो, ते जिन्यात थांबून "काय, बरंय ना?" म्हणतात. मुलांचे मार्क विचारतात. पावसाबद्दल बोलतात. मग दोन पायऱ्या खाली उतरल्यावर काहीतरी आठवल्यासारखं करून मागे वळतात आणि म्हणतात, "बरं, ते तेवढं आमचं रिटर्न बघा हं."

या 'तेवढं' शब्दाचं मला फार कौतुक वाटतं. येताना कोपऱ्यावरून तेवढी कोथिंबीर आणा, या चालीवर तो येतो.

मी चार्टर्ड अकौंटंट नाही, हे इथंच सांगून टाकतो. मी बँकेत कारकून आहे. अलीकडे आमच्या पदाचं बारसं होऊन 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं नाव ठेवलंय, पण पगार, खुर्ची आणि खुर्चीचा निखळलेला हात तोच आहे. बी. कॉम.ला प्राप्तिकर हा विषय मला होता आणि त्यात मी पास झालो, एवढाच माझा अधिकार. परंतु मध्यमवर्गीय वस्तीत होमिओपाथीच्या चार पुड्या बाळगणारा जसा डॉक्टर होतो, तसा वाणिज्य शाखेचा पदवीधर करसल्लागार होतो. २००१ साली खालच्या मजल्यावरच्या काकांचं एक रिटर्न मी हौसेनं भरून दिलं. त्यांना अकराशे रुपये परत आले. त्या अकराशे रुपयांची बातमी जिन्यानं वर चढत गच्चीपर्यंत गेली आणि त्या दिवसापासून मी अडकलो तो अडकलोच. पैसे मी घेत नाही. घेता येतही नाहीत, कारण बँकेच्या नोकराला दुसरा धंदा करायची मुभा नसते. त्यामुळे माझी फी केळ्यांच्या, आंब्याच्या आणि क्वचित सुकेळ्यांच्या रूपानं येते. ती कुठल्या सदरात दाखवावी, हे अजून मला कुणी विचारलेलं नाही.

तर अशाच एका एकतीस जुलैच्या रात्री, चौथं रिटर्न अपलोड होत असताना, स्क्रीनवरचं ते गोल गोल फिरणारं चाक बघता बघता माझ्या मनात आलं, की हे मुळात सुरू कुणी केलं? त्या माणसाला एकदा बघितलं पाहिजे. आणि मी इतिहासाच्या नादाला लागलो.

त्या माणसाचं नाव जेम्स विल्सन. स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. आणि त्याचा मूळ धंदा कोणता म्हणाल? टोप्या बनवण्याचा! हिंदुस्थानला पहिला प्राप्तिकर लावणारा गृहस्थ टोपीवाला निघावा, हा योगायोग मराठी माणसाला जितका समजेल तितका जगात कुणाला समजणार नाही. पुढे नीळ स्वस्त असताना घेऊन महाग झाल्यावर विकायची, असा बेत त्यांनी केला. निळीनं उलटा बेत केला आणि विल्सनसाहेबांचे बरेचसे पैसे बुडाले. स्वतःचे पैसे बुडाले की माणूस दुसऱ्याला अर्थशास्त्र सांगायला मोकळा होतो. १८४३ साली त्यांनी लंडनला 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढलं, ते अजून चालू आहे. दहा वर्षांनी एक बँकही काढली. म्हणजे एका अर्थी आमच्याच जातीचे.

१८५७ चं बंड मोडता मोडता सरकारच्या तिजोरीचा तळ दिसू लागला होता आणि कर्जाचा डोंगर झाला होता. तो उपसायला विल्सनसाहेबांना १८५९ च्या अखेरीस कलकत्त्याला धाडलं. त्यांनी १८६० साली आपल्याकडचं पहिलं अंदाजपत्रक मांडलं आणि त्यात विलायतेच्या धर्तीवर प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत मिळवणाऱ्याला माफी. दोनशे ते पाचशेला दोन टक्के. पाचशेच्या वर चार टक्के. इथल्या लोकांना हे परकं वाटू नये म्हणून त्यांनी भाषणात मनूचा हवालासुद्धा दिला. मनूनं राजाला उपदेश केलाय तो असा, की जळू, वासरू आणि भुंगा जसे थोडं थोडं घेतात तसा कर थोडा थोडा घ्यावा. यातलं वासरू आणि भुंगा सरकारच्या बाजूनं लिहिलेले आहेत. करदात्याला आठवते ती जळू.

हा कायदा २४ जुलै १८६० ला अंमलात आला. प्राप्तिकर खातं हा दिवस हल्ली 'आयकर दिवस' म्हणून साजरा करतं. माझ्या घरीही तो साजरा होतो, म्हणजे त्या सुमाराला आमची सौ. माझ्याशी बोलणं बंद करते. कायद्यात भाग होते एकवीस आणि कलमं दोनशे एकोणसाठ. आधीच्या मंडळींना हे जमलं नसतं. टोपीवाल्याच्या हातात शिवण बारीक असते. पण साहेबांना स्वतःला त्याचा उपभोग फार मिळाला नाही. कलकत्त्याच्या पावसाळ्यात आमांशानं त्यांना गाठलं आणि ११ ऑगस्टला, म्हणजे कायदा लागू झाल्यावर अठराव्या दिवशी, ते वारले. वय पंचावन्न. त्यांची कबर पुढे लोक विसरूनही गेले. २००७ साली कोलकात्यातल्या एका जुन्या दफनभूमीत ती पुन्हा हुडकून काढली ती एका प्राप्तिकर अधिकाऱ्यानंच. जवळजवळ दीडशे वर्षं झाली तरी खात्यानं माणूस शोधून काढला. मी हे सोसायटीत मुद्दाम सांगतो. त्यानंतर दोघांनी आपल्या दुसऱ्या बँकेतल्या ठेवी मला आपण होऊन सांगितल्या.

आता गंमत अशी, की या कायद्याविरुद्ध पहिली आरडाओरड कुणी केली, तर मद्रासच्या गव्हर्नरनं. सर चार्ल्स ट्रेव्हेलियन, मेकॉलेचे मेव्हणे. "हा कर या देशाला परवडायचा नाही," असं त्यांचं मत. मत असायला हरकत नाही, पण ते त्यांनी थेट वर्तमानपत्रात छापून दिलं. वरिष्ठांविरुद्ध पेपरात लिहिलं की काय होतं, हे कुठल्याही कारकुनाला विचारा. त्यांना परत बोलावलं. पण नशिबाचा खेळ बघा. १८६३ साली तेच ट्रेव्हेलियनसाहेब कलकत्त्याला परत आले ते अर्थखात्याचे प्रमुख होऊन! आता विल्सनचा कर त्यांच्याच हातात. त्यांनी आधी तो चाराचा तीन टक्के केला आणि १८६५ साली मुदत संपल्यावर सरळ संपू दिला. मी ज्या दिवशी मॅनेजर होईन त्या दिवशी काय काय करीन, याचे बेत मी अशाच धर्तीवर करून ठेवले आहेत.

पण मला खरा धक्का बसला तो माझ्याच गावाचा. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतला, हे आम्ही पाहुणा आला की चहाच्या आधी सांगतो. परंतु १८६० च्या डिसेंबरात याच वसईत प्राप्तिकराविरुद्ध भलामोठा जमाव जमून दंगल झाली होती, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. कराच्या कामासाठी साहेब आला होता, लोक गोळा झाले आणि प्रकरण हातघाईवर आलं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या गावानं या फॉर्मासाठी दंगा केला, त्याच गावात मी गेली पंचवीस वर्षं तो फॉर्म फुकट भरून देतोय. म्हणजे इतिहासात मी कुणाच्या बाजूला उभा आहे?

हा दंगा काही नुसत्या चार टक्क्यांपायी झाला नसावा. त्या वेळी देशभर जी तक्रार होती ती पैशांइतकीच, किंबहुना जास्त, चौकशीची होती. सारा, जकात हे लोकांना ठाऊक होतं. चौथाई आणि वर सरदेशमुखी, म्हणजे पंचवीस टक्के आणि त्यावर दहा टक्के सरचार्ज, हे तर आपण मराठ्यांनी दुसऱ्यांना शिकवलेलं. पण सारा जमिनीवर असतो आणि जमीन सगळ्या गावाला दिसते. "तुला मिळतं किती, ते लिहून दे," असं घरात शिरून विचारणारा राजा लोकांनी आजवर बघितला नव्हता. आपल्याकडे माणूस सख्ख्या भावाला आपला पगार सांगत नाही. बायकोला सांगतो तोही थोडा कापून.

शिवाय लिहून द्यायचं म्हणजे लिहिणार कोण? लिहिता येत नव्हतं त्याच्या वतीनं दुसराच कुणीतरी लिहिणार, आणि आपल्या गावगाड्यात त्या दुसऱ्याचा लौकिक काय होता ते जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये चांगलं कडक करून सांगितलंय. कुळकर्ण्यानं कागदावर काय टेकवलं हे ज्याच्या नावावर टेकवलं त्याला कळत नसे. तो नुसता अंगठा उठवी. मी हे वाचलं तेव्हा हसलो होतो. ते हसणं माझ्या अंगाशी कसं आलं, ते पुढे येईलच.

मधला इतिहास भराभर सांगतो, कारण तो 'कर लावला, कर काढला' असाच आहे. १८६९ ला पुन्हा लावला, १८७३ ला पुन्हा काढला. १८८६ ला लावला तो मात्र काढलेला नाही. शेतीच्या उत्पन्नाला वगळण्याची गोष्टही त्याच कायद्यातली, म्हणून तर आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दरवर्षी मला विचारतात, "कुंडीतल्या मिरच्या शेतीत दाखवता येतील का हो?" मग १९२२ चा कायदा आला, आणि मग १९६१ चा, ज्याच्यावर आमची हयात गेली.

एक आकडा मात्र डोळे भरून बघण्यासारखा आहे. १९७१ साली आपल्या यशवंतराव चव्हाणांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात सर्वांत वरच्या पायरीचा कर, सरचार्ज धरून, ९७.७५ टक्क्यांवर गेला. दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले मिळवणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये. म्हणजे मालक कोण आणि नोकर कोण, असा प्रश्न पडावा. यशवंतरावांनीच १९७४ मध्ये तो ७७ वर आणला. कराचं हे सगळं कुणीतरी समजावून सांगावं, ही भूक लोकांना इतकी होती, की मुंबईत नानी पालखीवालांचं अंदाजपत्रकावरचं भाषण एका हॉटेलच्या हॉलातून सुरू झालं ते ब्रेबोर्न स्टेडियमवर जाऊन पोचलं. क्रिकेटच्या मैदानात लोक गर्दी करून सरचार्ज ऐकत बसलेत, हे दृश्य फक्त मुंबईतच शक्य आहे.

माझ्या कारकिर्दीचा काळ हा 'सोपं करण्याचा' काळ. १९९८ साली सरकारनं एका पानाचा फॉर्म काढला, त्याचं नाव 'सरल'. त्याच सुमाराला 'एक बटा सहा' नावाचा नियम होता. टेलिफोन, गाडी, घर, परदेशप्रवास, क्रेडिट कार्ड, क्लब, या सहांपैकी एक जरी तुमच्याकडे असलं तरी, ठरवून दिलेल्या शहरांतून, कर लागो न लागो, रिटर्न भरा. ज्या माणसानं आठ-आठ वर्षं नंबर लावून टेलिफोन घेतला, पेढे वाटले, त्याला कळलं की फोनबरोबर रिटर्नही घरी आलंय. पुढे 'सहज' आणि 'सुगम' असे फॉर्म आले. सरल, सहज, सुगम ही एकाच घरातल्या तीन मुलींची नावं वाटतात. स्वभाव मात्र आत्याबाईंवर गेलेले. आणि २००६ साली तर सरकारनं पदवीधर तरुणांना शिकवून, लोकांची रिटर्नं भरून देणारे 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' तयार करण्याची रीतसर योजनाच आणली. मी सौ.ला म्हटलं, "बघ, मी जे करतो त्याला आता सरकारी नाव आहे." ती म्हणाली, "नाव आहे, पण त्यांना पैसे मिळतात."

परवाचं सोपं करणं तर सगळ्यांत मोठं. २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा मंजूर झाला, १ एप्रिल २०२६ पासून लागू. ८१९ कलमांची ५३६ झाली, शब्द निम्मे झाले. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हा जो घोळ मी पंचवीस वर्षं लोकांना बोटं मोडून समजावत होतो, तो जाऊन एकच 'करवर्ष' राहिलं. उत्तमच झालं. पण ८०-सी गेलं हो! माणसं विमा आयुष्याचा काढत नव्हती, ८०-सीचा काढत होती. ते कलम आता १२३ झालं. फौजदारीतलं चारशेवीसही २०२४ मध्ये असंच गेलं. अशानं मध्यमवर्गीय माणसानं शिवी कुठली द्यायची आणि बचत कुठं करायची?

सरकार एकेक गोष्ट सोपी करतं तसतशी माझ्याकडची रांग वाढते. पूर्वी लोक विचारत, "किती भरायचा?" मग २०२० पासून विचारायला लागले, "जुनी पद्धत घेऊ की नवी?" २०२५ च्या अंदाजपत्रकात नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही असं झाल्यावर विरार गाडीच्या दारात लोंबकळणारे तिघेजण एकदम म्हणाले, "म्हणजे आता रिटर्नच नको!" अहो, कर नाही म्हणजे रिटर्न नाही, असं नव्हे. परीक्षेत शून्य मिळणार असलं तरी पेपर द्यावा लागतो. पण हे चालत्या गाडीत एका हातानं दांडी धरून पटवून देणं कठीण असतं.

आणि ओटीपी! पहिल्या मजल्यावरच्या काकांचं सगळं रिटर्न भरून झालं. शेवटचं बटण दाबलं.

"काका, मोबाइलवर नंबर आला असेल, तो सांगा."

काकांनी मोबाइल लांब धरून बघितला. "नाही आला."

"आधारला हाच मोबाइल जोडलाय ना?"

"हा कशाला? बाळूचा जोडलाय."

"मग बाळूला विचारा."

"बाळू न्यू जर्सीला असतो. तिकडे आता रात्रीचे साडेबारा झालेत. त्याला उठवू नका, सकाळी ऑफिस असतं त्याचं."

तो ओटीपी न्यू जर्सीच्या एका उशाशी येऊन, कुणी न बघता, शिळा झाला.

पण हेही मी हसून सोडून देतो. अवघड जातं ते दुसरंच. २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येकाचं वार्षिक माहिती विवरण पोर्टलवर दिसू लागलं. कुठल्या बँकेत किती व्याज, कुठला शेअर विकला, सगळं एका पानावर. पूर्वी लोक मला जे सांगत तेच मला माहीत असे. आता ते सांगत नाहीत तेही माहीत असतं. एकाच रविवारी सकाळी नवरा येऊन गेला आणि दुपारी बायको आली. नवऱ्यानं गावच्या भावाला पैसे पुरवण्यासाठी एक ठेव मोडली होती. बायकोनं शिकवण्यांच्या पैशांतून एक ठेव केली होती. दोघांनीही जाताना चपला घालता घालता एकच वाक्य म्हटलं, "घरी बोलू नका." आमच्या वसईत चर्चेस पुष्कळ, फादरही पुष्कळ. पण फादरला निदान मध्ये जाळी असते. मला समोर पोह्यांची बशी धरून तोंड सरळ ठेवावं लागतं.

चौथ्या मजल्यावरचे काका गेले, त्या वर्षी काकू त्यांची फाइल घेऊन आल्या. फाइल मीच लावून दिलेली होती. काकूंना आता कौटुंबिक निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. ते कुठल्या रकान्यात जातं? 'इतर साधनांपासून उत्पन्न' मध्ये. काकांचं पेन्शन इतकी वर्षं 'पगार' या सदरात बसत होतं. तेच पैसे, अर्धे होऊन, काकूंकडे आले की ते 'इतर'. काकूंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे इतर म्हणजे कोण?" कायद्याच्या दृष्टीनं उत्तर सोपं होतं. मी चष्मा पुसत बसलो.

आता ते कुळकर्ण्याचं.

आमचे शाळेतले गणिताचे सर माझ्याकडेच रिटर्न भरतात. निवृत्त होऊन पंधरा वर्षं होत आली. दरवर्षी सगळी पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर सुकेळ्यांची एक गुंडाळी ठेवून, ती पिशवी माझ्या हातात देतात. २०२३ च्या जुलैतही दिली. पिशवीतली तीन पासबुकं मी काढून घेतली. सुकेळी सौ.नं काढून घेतली. पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला गेली. चौथं पासबुक त्या पिशवीच्या तळाशीच राहिलं. त्यात एका मुदत ठेवीचं एकवीस हजार रुपये व्याज होतं. एकतीस तारखेच्या रात्री चार जणांची रिटर्नं उरकताना मी विवरणाशी ताडून बघायचंही विसरलो. सरांचं करपात्र उत्पन्न मी दाखवलं चार लाख ब्याण्णव हजार. पाच लाखांच्या आत, म्हणजे सूट, म्हणजे कर शून्य.

ऑक्टोबरात सरांना ई-मेल आली. व्याजात तफावत आहे, असं तीत म्हटलं होतं. ती वाचून दाखवली त्यांच्या नातवानं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. सर दारात. छत्री, पिशवी आणि हातात त्या मेलची छापील प्रत. रात्रभर झोपले नव्हते ते डोळ्यांवरून दिसत होतं.

"अरे, याचा अर्थ मी कोशात बघितला," ते म्हणाले. "मी उत्पन्न कमी सांगितलंय, असं त्यांचं म्हणणं आहे. मी कमी सांगितलं का?"

"नाही सर, तुम्ही नाही—"

"मग कुणी सांगितलं?"

हे सगळं ऐकत सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं काही न बोलता खिळ्यावरची पिशवी काढली आणि आत हात घातला.

मी त्या पासबुकाकडे बघितलं आणि मला आपला अंगठा आठवला. म्हणजे माझा नव्हे, सरांचा. खाली सही त्यांची होती. चौतीस वर्षं ज्यांनी वर्गात पेन्सिलसुद्धा कुणाची ठेवून घेतली नाही, त्यांच्या नावावर मी एकवीस हजार रुपये दडवून ठेवले होते, सुकेळ्यांखाली.

दुरुस्त रिटर्न भरायला डिसेंबरअखेर मुदत होती, त्यामुळे तसं बिघडलं काही नव्हतं. मी कागद घेतला. पाच लाख तेरा हजार. आता सूट गेली. पहिल्या टप्प्याचे दहा हजार, वरच्या तेरा हजारांवर वीस टक्के म्हणजे सव्वीसशे, त्यावर चार टक्के उपकर. १३,१०४ रुपये. उशिराचं व्याज ३९३. सरांनी कागद माझ्याकडून ओढून घेतला, स्वतः एकदा करून बघितला, आणि म्हणाले, "एकवीस हजार वाढले तर तेरा हजार कर?"

"पाच लाख ओलांडले ना सर, म्हणून."

"रीत चमत्कारिक आहे. पण उत्तर बरोबर आहे." मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तेरा हजार एकशे चार माझे. ते मी तसेही लागतच होतो. तीनशे त्र्याण्णव तुझे."

मी लगेच उठून पैसे आणले. खरं सांगतो, त्या क्षणी ते तीन हजार असते तरी मला हवेच होते.

"एकूण १३,४९७," सर म्हणाले. "मग इथं १३,५०० का मागतायत?"

"दहाच्या पटीत करायचं असतं."

"मग हे तीन रुपये कुणाचे?"

यावर कायद्यात कलम नाही. शेवटी दीड-दीड रुपया ठरला. सरांनी माझ्याकडून तीनशे त्र्याण्णव आणि वर दोन रुपयांचं नाणं घेतलं, आठ आणे परत द्यायला नव्हते म्हणून ते मागे लागतात असं वहीत लिहिलं, आणि मला रीतसर पावती दिली.

मला वाटलं, सर आता दुसरा माणूस बघतील. पुढच्या जुलैत एक तारखेला सकाळी नऊ वाजता ते हजर. पिशवीवर यादी चिकटवलेली: पासबुकं चार, सुकेळी एक. मी रिटर्न भरलं. त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत कर नव्हता, तेव्हा सरांना काही लागलंच नाही.

"शून्य," मी म्हटलं.

"मग गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी आपण जुन्या रीतीनं होतो, सर."

"हं. नवी रीत मांडून दाखव."

मी मांडली. सर छापील प्रत घेऊन खिडकीपाशी बसले आणि ओळ न् ओळ वाचू लागले. बाहेर जिन्यात दोघेजण प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन ताटकळत होते. चाळीस मिनिटांनी सरांनी खिशातून लाल पेन काढलं, शेवटच्या पानावर बरोबरची खूण केली, खाली सही केली. मग पासबुकं मोजली. चार. पिशवी उलटी करून झटकली, घडी घातली, आणि खिशातून आठ आण्यांचं एक जुनं नाणं काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे कुणी घेत नाही आता," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "पण लागत होतो."